रागाचा प्रथमपुरुष

सुझेट हेडन एल्जिन (१९३६-२०१५) या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखिका. त्यांनी १९८२ साली एक नवी भाषा रचावयास घेतली. ‘लाआदान’ हे तिचे नाव. जाणून घेणाऱ्यांची भाषा असा काहीसा त्याचा अर्थ. या उद्योगामागे एक सरळ गृहीतक होते. प्रचलित भाषा स्त्रियांचे अनुभव नेमकेपणाने सांगण्यास अपुऱ्या पडतात, असे जर खरोखरच असेल, तर खास त्यासाठी घडवलेली भाषा हाती येताच स्त्रिया एकतर ती उचलतील, नाहीतर ‘ही नको, आम्ही हिच्याहून चांगली करून दाखवतो’ म्हणून दुसरी तरी रचतील. एल्जिनबाईंनी या प्रयोगाला दहा वर्षांची मुदत घालून दिली. १९८४ साली त्यांची ‘नेटिव्ह टंग’ ही कादंबरी आली. तीत पुरुषांच्या ताब्यातील एका भावी समाजात भाषातज्ज्ञ घराण्यांतील बायका गुपचूप आपली भाषा घडवतात. पाठोपाठ लाआदानचा शब्दकोश व व्याकरणही निघाले. दहा वर्षे उलटली. स्त्रियांनी ती भाषा उचलली नाही आणि दुसरीही केली नाही. याच काळात चित्रपटांतील लढवय्या परग्रहवासीयांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेला मात्र जगभर हौशी भाषक मिळाले. या विरोधाची नोंद खुद्द एल्जिनबाईंनीच करून ठेवली आहे.

आम्ही दोघी मराठीच्या अध्यापिका. एक शिरूरला शिकवते, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडच्या घोडनदीला. दुसरी दौंडला, भीमेच्या काठी, जंक्शनच्या गावी. भाषाविज्ञान शिकवताना ‘कृत्रिम भाषा’ या मथळ्याखाली झामेनहोफ यांच्या १८८७ सालच्या एस्पेरान्तोचा उल्लेख होतो आणि बहुधा तेवढ्यावर तो विषय संपतो. लाआदानपर्यंत सहसा कोणी जात नाही. आम्ही गेलो ते तिच्या भावनावाचक शब्दांमुळे. ते शब्द वाचताना आरंभी गंमत वाटली, मग थोडी असूया, आणि शेवटी आपल्याच भाषेविषयी एक प्रश्न पडला. तो प्रश्न मांडण्यासाठी हा लेख.

गमतीपासून सुरुवात करू. लाआदानमधील सर्वांत प्रसिद्ध शब्द आहे ‘राडीडिन’. म्हणायला सण, पण प्रत्यक्षात कामाच्या आणि तयारीच्या ओझ्याने जो नकोसा, धास्तीचा होऊन बसतो असा दिवस. विशेषतः पाहुणे उदंड आणि मदतीला कोणी नाही अशा वेळी. आमच्या भागात चैत्रात ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू झाल्या की हा शब्द समजावून सांगण्याची गरज उरत नाही. एका विद्यार्थिनीने तो ऐकताक्षणी ‘रडीदिन’ असा करून घेतला होता. मराठीत ‘रडीचा डाव’ आधीपासून असल्याने तो शब्द लगेच नांदायला लागला!

प्रेमासाठी तर या भाषेत शब्दांची रांगच आहे. रक्ताचे नाते नसलेल्या, पण जिवाच्या नात्यातील व्यक्तीवरचे प्रेम म्हणजे ‘अशोन’. आपल्याकडे ‘मानलेला’ भाऊ आणि ‘मानलेली’ बहीण असते तिथला हा प्रदेश. जिच्याविषयी आदर आहे पण जी आवडत नाही अशा व्यक्तीवरचे प्रेम निराळे. जी आवडते पण जिच्याविषयी आदर नाही तिच्यावरचे निराळे. नकोसे, ओझे झालेले प्रेम म्हणजे ‘आये’. योगायोग असा, की आमच्याकडे वस्तीवरची पोरे आईला हीच हाक मारतात.

पण आम्ही थबकलो ते रागापाशी. लाआदानमध्ये रागासाठी पाच शब्द आहेत आणि ते तीन प्रश्नांच्या उत्तरांवर बेतलेले आहेत. रागाला कारण आहे का? दोष देता येईल असे कोणी आहे का? आणि या रागाचा काही उपयोग आहे का, की तो वाया जाणार? काढणीला आलेला कांदा गारपिटीने गेला तर कारण आहे, दोषी कोणी नाही, उपयोग शून्य. उसाचे वजन काट्यावर मारले गेले तर कारण आहे, दोषीही आहे, आणि चार जण एकत्र आले तर रागाचा उपयोगही आहे. हे दोन्ही राग मराठीत ‘राग’च. लाआदानमध्ये त्यांना एकच शब्द चालत नाही.

या तीन प्रश्नांतला तिसरा सर्वांत विलक्षण आहे. कारण आणि दोषी यांचा विचार मानसशास्त्र करते, नीतिशास्त्रही करते. पण राग फुकट जाणार की नाही, हे रागावर अवलंबून नसते. रागावणारी व्यक्ती कोठे उभी आहे, तिचे कोण ऐकते, यावर ते ठरते. म्हणजे एल्जिनबाईंनी शब्दाच्या अर्थातच बोलणाऱ्याची समाजातली जागा बांधून टाकली आहे. भावनेचा शब्द उच्चारला की ती बाई किती हतबल आहे किंवा नाही, तेही उच्चारले जाते.

या भाषेची आणखी एक खोड येथे सांगितली पाहिजे. लाआदानमध्ये वाक्याच्या शेवटी एक छोटा अव्ययासारखा शब्द येतो आणि आपण बोललो ते कशाच्या आधारावर, हे तो सांगतो. मी स्वतः अनुभवले म्हणून सांगते, उघडच आहे म्हणून सांगते, स्वप्नात पाहिले, विश्वासू माणसाकडून ऐकले, ज्याच्यावर विश्वास नाही अशाकडून ऐकले, कल्पना केली, अशा त्याच्या परी आहेत. स्वतः अनुभवले असेल तर ‘वा’. म्हणून लाआदानमध्ये आपल्या रागाविषयी बोलणारी बाई वाक्य संपवताना ‘वा’ म्हणते आणि त्या एका अक्षराने स्वतःच्या साक्षीवर सही करते. ‘तुला उगाच वाटते’ हे उत्तर त्या वाक्याला देता येत नाही, कारण वाटणारी कोण हे वाक्यानेच नोंदवलेले असते.

आता मराठीकडे वळू. रागाच्या बाबतीत मराठीला दरिद्री म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. राग, संताप, क्रोध, कोप, चीड, उद्वेग, वैताग, त्रागा, रुसवा, चडफड, जळफळाट, धुसफूस, आदळआपट, तळतळाट. यातले निम्मे शब्द नादातून आलेले. धुसफूस ऐकताच बंद दाराआडचा स्वयंपाक आठवतो आणि आदळआपटीत भांडी ऐकू येतात. एल्जिनबाईंनी तर्काच्या चौकटी आखून जे पाच शब्द केले, त्याच्या तिप्पट शब्द आमच्या आज्यांनी कान आणि डोळे वापरून घडवले आहेत. तेव्हा आपल्याला बाहेरच्या शब्दांची गरज काय, असे प्रथम आम्हालाही वाटले.

मग आम्ही एक साधी कसोटी लावली. यातल्या प्रत्येक शब्दाचे वाक्य ‘मी’ किंवा ‘मला’ घालून, वर्तमानकाळात, स्वतःविषयी करून पाहायचे. ‘मी त्रागा करते आहे.’ ‘मी धुसफुसते आहे.’ ‘माझा जळफळाट होतो आहे.’ ‘मी आदळआपट करते आहे.’ व्याकरणदृष्ट्या चारही वाक्ये निर्दोष आहेत, पण कोणी बाई ती सहजपणे बोलल्याचे कानावर येत नाही. उलट ‘तिने त्रागा केला’, ‘तिची धुसफूस चालू आहे’, ‘नुसता जळफळाट झाला तिचा’, ‘सकाळपासून आदळआपट चालली आहे’ ही वाक्ये घराघरांत बोलली जातात. मराठीत बाईच्या रागाला पुष्कळ शब्द आहेत. पण त्यांतले बहुतेक तिच्याविषयी बोलायचे आहेत, तिने बोलायचे नाहीत. ते दारात उभे राहून पाहणाऱ्याचे शब्द आहेत.

आणि पाहणाऱ्याने एल्जिनबाईंच्या तिन्ही प्रश्नांचा निकाल आधीच लावून टाकला आहे. ‘त्रागा’ म्हटले की कारण क्षुल्लक, दोष तिचाच आणि उपयोग काही नाही, असे तीन निवाडे एकदम होतात. या शब्दाचा इतिहास पाहिला तर विषाद वाटतो. गुजरात-राजस्थानात चारण-भाटांच्या हाती त्रागा हे एक शस्त्र होते. ज्याने अन्याय केला, वचन मोडले, देणे बुडवले, त्याच्या दारात जाऊन स्वतःला जखमा करून घ्यायच्या, प्रसंगी प्राण द्यायचे आणि त्या पापाचे धनी त्याला करायचे. हा दुबळ्याने बलवंतावर भर चव्हाट्यावर ठेवलेला आरोप होता आणि त्याची राजेरजवाड्यांनाही भीती असे. तोच शब्द मराठी घरात येईतो आरोप गळून पडला आणि स्वतःला करून घेतलेली इजा तेवढी उरली. आज कोणी त्रागा करते तेव्हा ‘का?’ असे विचारले जात नाही. ‘पुरे झाला त्रागा’ असे म्हटले जाते.

‘रागावणे’ या क्रियापदाचीही हीच कथा. सासू रागावते, वडील रागावतात, बाई वर्गावर रागावतात. हा राग उतरणीवरून वाहतो, वरून खाली. सुनेने सासूला तेच शब्द त्याच स्वरात ऐकवले तर ती ‘रागावली’ असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. ती ‘उलट बोलली’, ‘तोंड वर करून बोलली’. म्हणजे खालून वर जाणाऱ्या रागाला राग हे नावच मिळत नाही. त्याची नोंद वर्तणूक म्हणून होते.

प्रथमपुरुषात बाईला कोणते शब्द मोकळे आहेत, हे पाहणे उद्बोधक आहे. ‘वैताग आलाय’ हे सर्रास चालते. ‘कंटाळा आलाय’ चालते. अलीकडे सर्व वयांच्या आणि सर्व थरांच्या बायकांच्या तोंडी ‘टेन्शन आलंय’ असते. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे दोषी कोणी नाही. वैताग कोणाचा, असे विचारले तर ‘सगळ्याचाच’ हे उत्तर येते. ‘मला राग आला’ हे वाक्य आहे खरे, पण त्याची ठेवण ‘ताप आला’, ‘झोप आली’, ‘पाऊस आला’ या वाक्यांसारखी आहे. राग बाहेरून येतो, थोडा वेळ थांबतो आणि जातो. एस्पेरान्तोत ‘राग’ या धातूचे थेट क्रियापद होते आणि कर्ता ‘मी’ असतो. मराठीत ‘मी’ चतुर्थीत जाऊन बसतो आणि कर्त्याच्या जागी राग येतो. या रचनेत एक शहाणपण आहे, हे आम्हाला मान्य आहे. भावना माणसाच्या मालकीची नसते हे त्या व्याकरणाला ठाऊक आहे. पण जे येऊन जाते त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही.

एकच शब्द या यादीत वेगळा पडतो, ‘तळतळाट’. ‘कोणाचा तळतळाट घेऊ नये’ असे आपण म्हणतो तेव्हा दुबळ्याच्या रागाला कारण आहे, दोषी आहे आणि तो वाया जाणार नाही, ही तिन्ही उत्तरे मान्य केलेली असतात. ‘माझा तळतळाट लागेल’ असे प्रथमपुरुषातही म्हणता येते. पण केव्हा? सगळे उपाय संपल्यावर. शिवाय ते वाक्य भविष्यकाळी आहे आणि अंमलबजावणी दैवाकडे सोपवलेली आहे.

‘पुरुष’ या व्याकरणातील संज्ञेचीच येथे गंमत वाटते. संस्कृत व्याकरणात ‘तो-ती-ते’ हा प्रथमपुरुष आणि ‘मी’ हा उत्तमपुरुष, म्हणजे शेवटचा. मराठी व्याकरणांनी इंग्रजी वळणाने हा क्रम उलटा केला आणि ‘मी’ला प्रथमपुरुष ठरवले. शाळेत आपण तसेच शिकलो. मात्र बाईच्या रागापुरती मराठी अजून जुन्याच क्रमाने चालते आहे. तेथे प्रथम ‘ती’ असते आणि ‘मी’चा क्रम शेवटी लागतो.

पुरुषांच्या रागाचे असे नाही, हे वेगळे सांगायला नको. आमच्या भागातल्या वर्तमानपत्रांत ‘संतप्त ग्रामस्थ’ आणि ‘संतप्त शेतकरी’ हे जोडशब्द छापील ठशासारखे आहेत. त्या रागाला रास्ता रोको आहे, मोर्चा आहे, निवेदन आहे, तहसील कचेरीची पायरी आहे. बायका रस्त्यावर उतरल्या की त्याच वर्तमानपत्रांत त्या ‘संतप्त’ न राहता ‘रणरागिणी’ होतात. घरात त्रागा आणि चौकात दुर्गावतार. या दोन टोकांच्या मध्ये, साध्या उंचीवर उभे राहून रागावलेल्या बाईला शब्द सापडत नाही. याला एक ठळक अपवाद आहे. महाराष्ट्रात गावोगावी दारूची दुकाने बंद करण्यासाठी झालेल्या ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानांत बायकांच्या रागाला कारण होते, दोषी होता, आणि चिठ्ठीवर शिक्का मारून तो उपयोगी ठरवण्याची सोयही होती. पण तोही राग ‘आम्हा’ बायकांचा होता. अनेकवचनात राग सांगणे सोपे असते, हे हा लेख ‘आम्ही’ म्हणून लिहिताना आम्हालाही जाणवते आहे.

शिरूरहून दौंडकडे जाताना न्हावरे, पारगाव करीत आपण चौफुल्याला सोलापूर रस्त्याला मिळतो. या रस्त्यावर काही किलोमीटरांच्या अंतराने मराठी बाईच्या ‘मी’ची दोन टोके भेटतात. चौफुल्याच्या परिसरात लावणीची कलाकेंद्रे आहेत. लावणी हा मराठीतला एक असा प्रकार, की तेथे बाई मोकळेपणाने ‘मी’ म्हणते, रुसते, फटकारते, सवतीवर आणि सजणावर कातावते. परंतु या ‘मी’चे जुने कर्ते राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर, असे सारे शाहीर आहेत. पुरुषाने लिहिलेला बाईचा प्रथमपुरुष आणि पुढ्यात बसलेला पुरुष श्रोता. त्यात जो राग येतो तो मुख्यतः ‘रुसवा’ असतो. रुसव्याचा विशेष असा की तो समजूत काढली जाईल या भरवशावर केलेला असतो. ज्याच्यावर राग, त्याच्याच हाती त्याचा उतारा. त्यामुळे ऐकणाऱ्याचा अहंकार सुखावतो आणि त्याला धोका काही नाही. लावणीच्या कलावंतिणींनी आपल्या अदाकारीतून या शब्दांना पुष्कळदा वेगळा अर्थ दिला असेल, देतातही. पण संहिता दुसऱ्याची आहे.

तेथून जवळच केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले आणि दुष्काळाच्या वर्षांत केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे केले. मध्य प्रांतातून, नंतर गुजरातेतून दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या मुली आणि विधवा त्यांनी येथे आणल्या. येथेच त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, साध्या बायकांना वाचता यावे अशा भाषेचा ध्यास घेऊन. आणि येथेच १९२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या १९०७ सालच्या आत्मकथनाचे नाव आहे ‘माझी साक्ष’. धर्मांतरिताने द्यायची ती साक्ष हा ख्रिस्ती परिभाषेतला अर्थ त्यात आहेच. पण लाआदानचे ‘वा’ मनात ठेवून ते पुस्तक पुन्हा वाचले तेव्हा आम्हाला त्या शब्दाचे दुसरे अंग दिसले. दुष्काळात आईवडील कसे गेले, धर्मग्रंथ स्वतः वाचल्यावर इतर सर्व बाबतींत परस्परविरोधी बोलणारे ते ग्रंथ स्त्रीजात मुळात वाईट ठरवण्यात मात्र कसे एकमताचे आढळले, हे रमाबाई सांगतात. त्यासाठी रागाचा एकही शब्द त्यांना लागत नाही. मी पाहिले, मी वाचले, मी भोगले, एवढ्याच बळावर ते गद्य उभे आहे. त्यांच्या रागावर ‘त्रागा’ हा शिक्का मारणे त्यामुळे अवघड जाते. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेनंतर उसळलेल्या चर्चेला उत्तर म्हणून. तो मराठी गद्यातला बाईचा पहिला उघड, नाव घालून छापलेला राग. ताराबाई तावातावाने जाब विचारतात आणि रमाबाई थंडपणे साक्ष नोंदवतात. पण दोघींनी केलेली मूळ गोष्ट एकच आहे. दोघींनीही रागाच्या वाक्यात ‘मी’ ठेवला.

याचा अर्थ लेखणी हाती नसलेल्या बायका गप्प होत्या असा नव्हे. जात्यावरच्या ओव्यांत ‘मी’ आहे आणि तिचा रागही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना सासर, भाऊबंद, नवरा आणि प्रसंगी देव यांना बायकांनी काय काय सुनावले आहे ते दिसते. मात्र ते सुनावणे जात्याला आहे, पहाटे, घर जागे होण्यापूर्वी. आमच्या लहानपणी मुलींत ‘च’ची भाषा होती. त्या भाषेत ‘राग’ म्हणजे ‘चागर’. मोठ्यांसमोर बोलता यावे म्हणून केलेली ती रचलेली भाषाच म्हणायची. पण तिने नवा शब्द कोणताच दिला नाही, होते तेच झाकले. ओवीने राग झाकला नाही, पण ज्याच्यावर राग तो झोपलेला असताना सांगितला. आता पिठाच्या गिरणीने जाती थांबवून बराच काळ लोटला. दळणाचे कष्ट गेले हे चांगलेच झाले. त्यांच्याबरोबर प्रथमपुरुषी रागाची ती एक पहाटेची जागाही गेली, आणि त्या जागी ‘टेन्शन’ आले.

हे सगळे आपसांत बोलून झाल्यावर आम्ही दोघींनी आपापल्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक लहानसा पाठ घेतला. फळ्यावर रागाचे आठ शब्द लिहिले. अट एवढीच, की वाक्य ‘मी’ने किंवा ‘मला’ने सुरू व्हावे आणि खरे असावे. मुलांनी ‘राग’, ‘संताप’ घेऊन भराभर वाक्ये केली. चुकलेली एसटी, फुटलेला पेपर, कांद्याचा भाव. मुलींनी ‘वैताग’ पटकन उचलला. ‘त्रागा’ आणि ‘धुसफूस’ यांपाशी मात्र दोन्ही गावी एकच प्रकार घडला. अट विसरून कितीतरी वाक्यांत आई आली, काकू आली, वहिनी आली. ‘मी’ने सुरू झालेले वाक्यही ‘मी आईचा त्रागा पाहिला आहे’ असे वळसा घेऊन तिसऱ्या व्यक्तीपाशी पोचले.

भीमाकाठच्या एका गावाहून येणाऱ्या मुलीने फळ्यावरचा एकही शब्द अपेक्षित वळणाने वापरला नव्हता. तिच्या वहीत दोन वाक्ये होती. “मला राग आला असे नाही. मला राग आहे.” खाली बारीक अक्षरांत तिने विचारले होते, “कोणाचा ते लिहायचे आहे का?” ‘तुझ्या मनावर’ एवढे उत्तर तिला मिळाले आणि तिने ते लिहिले नाही. तिचे लग्न ठरले होते आणि तारीख परीक्षेच्या मध्यावर धरली होती, हे तिच्या मैत्रिणींकडून नंतर कळले. लग्न ठरल्या दिवशी झाले. सहापैकी चार पेपर तिने दिले, शेवटचे दोन हिरव्या चुड्यासह. मधले दोन राहिले ते राहिलेच.

त्या दोन वाक्यांवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तिने नवा शब्द शोधला नाही. आठ शब्दांतला सर्वांत सामान्य शब्द घेतला आणि त्याचे क्रियापद बदलले. ‘येणे’ काढून ‘असणे’ ठेवले. ‘मला त्याचा राग आहे’ ही रचना मराठीत जुनीच आहे. पण आधीच्या वाक्यात ‘आला’ नाकारून तिने ती ज्या रीतीने मांडली, त्याने रागाला तापाच्या आणि पावसाच्या रांगेतून बाहेर काढले. हा राग येऊन जाणारा नाही, तो वस्तीला आहे. एल्जिनबाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला ठाऊक होते. दुसऱ्याचेही ठाऊक होते, म्हणून तर तिने परवानगी विचारली. तिसऱ्याचे उत्तर तिच्या हातात नव्हते. वाक्याच्या शेवटी तिने ‘वा’ म्हटले नाही, पण वाक्याला तिची सही होती.

लाआदानचे शब्द जगले नाहीत याचे आता आम्हाला आश्चर्य वाटत नाही. सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे रचलेले शब्द मराठीत रुजले, कारण त्यांना महानगरपालिका आणि अर्जाचा नमुना यांत बसायला जागा होती. बाईच्या रागाच्या शब्दाला अशी जागा लागते. तो ऐकून घेणारा कोणी लागतो, तो नोंदवणारे वाक्य लागते. ती नसेल तर पाच शब्द दिले काय आणि पंधरा दिले काय, ते दाराबाहेरच्या माणसाच्या कामी येतात. एल्जिनबाईंचा प्रयोग फसला असे म्हणतात. पण शब्दाबरोबर ‘हे कोण सांगते आहे आणि कशाच्या आधारावर’ हेही विचारावे, ही त्यांची सूचना आम्हाला आमच्या वर्गात उपयोगी पडली. ‘प्रथमपुरुषी निवेदन’ हा आपण कादंबरीच्या तंत्रातला एक मुद्दा म्हणून शिकवतो, त्याचे फायदे-तोटे लिहून घेतो. समोर बसलेल्या मुलींना तो स्वतःसाठी वापरायला मात्र क्वचितच सांगतो.

मराठीच्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. हा पंधरा मिनिटांचा पाठ आपल्या वर्गात घेऊन पाहावा. शब्द आपापल्या भागातले घ्यावेत. कोकणात, वऱ्हाडात, मराठवाड्यात रागाचे वेगळे शब्द असतील आणि ते आम्हाला हवे आहेत. कोणाचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवू नये. आणि मिळालेल्या वाक्यांपैकी किती वाक्यांत राग ‘येतो’ आणि किती वाक्यांत तो ‘असतो’, एवढे तरी मोजून ठेवावे.